मेंफिसचे सफाई कामगार आणि आपल्या टोळ्यांची यादी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांबद्दल लिहितो. पाचट जाळू नका, हे तर इतक्या वेळा लिहिले आहे की छापखान्यातल्या मंडळींनाही ते पाठ झाले असेल. या खेपेला विषय जरा निराळा आहे. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या महिन्यात एका गावी ऊस पीक मेळावा झाला. खोडव्याच्या व्यवस्थापनाची माहिती सांगून झाल्यावर आम्ही शंका विचारावयास सांगितले. मागे भिंतीला टेकून बसलेले एक वयस्क सभासद उठले. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईस महापालिकेच्या सफाई खात्यात आहे. म्हणाले, "साहेब, खोडव्याचं समजलं. पण मला एक सांगा. माझा पोरगा झाडू मारतो. त्याला फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे, पगारी रजा आहे, दवाखान्याची सोय आहे. मी पस्तीस वर्षं ऊस घालतोय, मला काय आहे? आणि त्याला हे सगळं दिलं तरी कुणी?" मंडळी हसली. आम्हीही हसलो, चहा आला, आणि प्रश्न तसाच राहिला.

घरी आल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. प्रश्नाचा दुसरा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटला. शहराच्या नोकराला या सवलती दिल्या कुणी? याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील मेंफिस या शहराच्या सफाई कामगारांची हकीकत आमच्या वाचनात आली. ती येथे सविस्तर देत आहोत, कारण काय मिळाले आणि काय हुकले हे दोन्ही तिच्यात उघड दिसते. शिवाय ही माणसे मुळात शेतीतलीच होती.

मेंफिस हे टेनेसी राज्यातील शहर मिसिसिपी नदीच्या काठी आहे. आपल्याकडे अकोला-खामगाव जसे कापसाच्या पेठेसाठी प्रसिद्ध, तसेच हे. आसपासच्या गाळाच्या जमिनीत कापूस पिके, आणि तो पिकविणारी व वेचणारी बहुतेक माणसे काळ्या वर्णाची, म्हणजे पूर्वीच्या गुलामांची नातवंडे-पतवंडे. त्यांच्या नावावर जमीन नसे. मालकाच्या रानात वाट्याने राबावयाचे, हंगामभर त्याच्याच दुकानातून उधार उचलावयाचे आणि हिशेबाच्या दिवशी अंगावर बाकी निघावयाची. उचल आणि बाकी हे काय असते ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचण्याची यंत्रे रानात उतरली आणि ही माणसे शहराकडे निघाली. शहरात त्यांना जे काम मिळाले त्यात कचरा उचलण्याचे काम मोठे होते.

काम कसे होते? घरामागच्या परसात जाऊन पिंपातला ओला-सुका कचरा टबात ओतावयाचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणावयाचा. टब गळके. घाण पाणी आणि अळ्या अंगावरून ओघळत. नगरपालिका वर्दी देत नसे, आंघोळीची सोय नसे. घरी आल्यावर पुष्कळ जण कपडे दाराबाहेरच उतरवून मग आत जात. मजुरी ताशी पावणेदोन डॉलरच्या आसपास होती, आणि पूर्ण वेळ काम करूनही कित्येकांना सरकारी धान्यमदत घ्यावी लागे. जानेवारी १९६८ च्या अखेरीस एके दिवशी पाऊस आला म्हणून मैलापाणी विभागाच्या काळ्या कामगारांना दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठविले गेले. गोरे मुकादम पाऊस थांबेपर्यंत बसून राहिले आणि त्यांना दिवसाचा पूर्ण पगार मिळाला. ही बातमी कामगारांच्या वस्तीत फार झोंबली होती.

मग १ फेब्रुवारी १९६८ चा दिवस उजाडला. त्या दिवशीही पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे कचरागाडीवर होते. पावसात कुणाच्या ओसरीवर उभे राहण्याची कामगारांना सोय नव्हती, रहिवाशांच्या तक्रारी येत. पुढे चालकाजवळ जागा नव्हती, म्हणून हे दोघे मागे, जेथे कचरा दाबला जातो त्या पिंपाच्या तोंडाशी आडोशाला बसले. गाडी जुनी होती. या गाड्या धोक्याच्या आहेत अशी तक्रार कामगारांनी आधीच केली होती. चालत्या गाडीत विजेच्या तारांत बिघाड होऊन दाबयंत्र आपोआप सुरू झाले आणि दोघांनाही त्याने आत ओढले. चालकाने यंत्र थांबविण्याची खटपट केली, पण उपयोग झाला नाही.

आता सभासदांनी येथे जरा थांबून वाचावे. कारण आमच्या मते सर्व हकीकतीचे मर्म अपघातानंतरच्या हिशेबात आहे. त्या काळी टेनेसी राज्यात कामावरील अपघाताला भरपाई देण्याचा कायदा होता. परंतु कोल आणि वॉकर हे नगरपालिकेच्या दप्तरी ताशी मजुरीचे, कोणत्याही वर्गवारीत न बसणारे कामगार होते, त्यामुळे त्या कायद्याचा लाभ त्यांच्या कुटुंबांना लागू झाला नाही. नगरपालिकेची आयुर्विम्याची योजनाही होती. ती ऐच्छिक होती, हप्ता कामगाराने स्वतःच्या खिशातून भरावयाचा. या दोघांना तो परवडला नव्हता. कायदा होता, योजना होती, फक्त ही दोन नावे त्यांत नव्हती. शेवटी महापौरांनी प्रत्येक कुटुंबाला अंत्यविधीसाठी ५०० डॉलर आणि एका महिन्याचा जादा पगार दिला. वॉकर यांची पत्नी तेव्हा गरोदर होती.

"ऐच्छिक" या शब्दाबद्दल आम्हांस येथे दोन शब्द लिहावेसे वाटतात. कागदावर तो मोठा मानाचा दिसतो. ज्याला पाहिजे त्याने घ्यावे, सक्ती नाही. पण ज्याच्या घरी शनिवारच्या मजुरीतून सोमवारचे पीठ यावयाचे, तो पुढच्या संकटासाठी आज हप्ता कोठून भरणार? म्हणजे ज्याला विम्याची गरज सर्वांत जास्त, नेमका तोच बाहेर राहतो. आपल्या उसाच्या बिलातून ठेवी कापल्या जातात तेव्हा आपण कुरकुर करतो (आम्हीही सभासद आहोत, आम्हीही करतो). पण त्या कपाती ऐच्छिक ठेवल्या असत्या तर हा कारखाना उभा राहिला असता काय, हे ज्येष्ठ सभासदांना विचारून पाहावे.

असो. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर आले नाहीत. त्यांची संघटना आधीपासून होती, पण तिला मान्यता नव्हती. तिचा क्रमांक १७३३. त्यातल्या ३३ चा अर्थ असा की १९६३ साली संघटना बांधण्याच्या खटपटीत ३३ जणांना कामावरून काढले होते, त्यांची ती आठवण. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरविला. कामगारांच्या मागण्या पाहिल्या तर पगारवाढ होतीच, पण तिच्या बरोबरीने संघटनेला मान्यता द्या आणि तिची वर्गणी पगारातून परस्पर कापून द्या अशी मागणी होती. मोर्चात प्रत्येकाच्या हाती एकच फलक असे. त्यावर एवढेच लिहिलेले, की मी माणूस आहे.

पुढची हकीकत जगाला ठाऊक आहे. मार्टिन ल्यूथर किंग या संपाला पाठिंबा देण्यासाठी मेंफिसला आले आणि ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात त्यांचा खून झाला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मजूर खात्याचे उपमंत्री पाठवून तडजोड घडवून आणली. १६ एप्रिलला करार झाला. पगारवाढ मे महिन्यापासून ताशी १० सेंट आणि सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट. तक्रार ऐकून घेण्याची पद्धत ठरली, बढती सेवाज्येष्ठतेने द्यावी असे ठरले.

वर्गणीचा तिढा ज्या रीतीने सुटला ती गोष्ट सहकारी चळवळीतल्या माणसाला आवडण्यासारखी आहे. महापौर म्हणत होते, नगरपालिका संघटनेसाठी एक पैसाही कापणार नाही. कामगार म्हणत होते, कपात झाल्याशिवाय संघटना टिकणार नाही. शेवटी मध्ये आली ती नोकरांची क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेची भाऊबंद. नगरपालिकेने पगारातून पतसंस्थेकडे रक्कम कापावयाची आणि पतसंस्थेने ती संघटनेला द्यावयाची. महापौरांचा शब्द राहिला, संघटनेचे कामही झाले.

इतके झाले म्हणजे सारे मिळाले असे वाचकास वाटेल. आम्हांसही तसेच वाटले होते. पण संपानंतर निवृत्तीच्या तरतुदीचा प्रश्न आला, तेव्हा नगरपालिकेची पेन्शन की केंद्र सरकारची सोशल सिक्युरिटी, या दोहोंत कामगारांनी सोशल सिक्युरिटी निवडली. त्या वेळी ते सोयीचे दिसले असावे. पण म्हातारपणी ती रक्कम पुरेना. नगरपालिकेची पेन्शन नसल्यामुळे संपातले काही जण हातपाय थकल्यावरही कामावरच राहिले. एल्मोर निकलबेरी नावाचे गृहस्थ १९५४ साली कामास लागले होते. २०१८ साली संपाला पन्नास वर्षे झाली तेव्हा ते ऐंशी ओलांडूनही कचरागाडीवर होते. २०२३ च्या अखेरीस ते वारले. अर्धशतकानंतर, २०१७ साली, शहराने चूक मान्य करून हयात संपकऱ्यांना अनुदान जाहीर केले. आरंभी प्रत्येकी ५०,००० डॉलर, पुढे ते ७०,००० झाले. पहिल्या यादीत नावे होती फक्त १४. तेराशेंतून चौदा! बाकीच्यांपैकी बहुतेक जण तोपर्यंत गेले होते.

निवृत्तीची घडी एकदा विस्कटली की मागाहून बसविणे किती जड जाते, हे आपल्याकडेही दिसते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. त्यावरून मार्च २०२३ मध्ये झालेला संप सभासदांना आठवत असेल. त्या आठवड्यात आपल्यातल्या कित्येकांची तलाठी कचेरीतली कामे अडली होती.

मेंफिसच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कचे. ते थोडक्यात सांगतो. तेथील शहर नोकरांची डिस्ट्रिक्ट कौन्सिल ३७ ही मोठी संघटना आहे. करार करताना पगाराबरोबर असे ठरते की दर नोकरामागे शहराने अमुक रक्कम एका निधीत भरावयाची. हा निधी औषधे, दात आणि चष्मा यांचा खर्च पाहतो. घरात भांडण असो, व्यसन असो, मनाचा आजार असो, सल्ला देणारी माणसे तेथे बसलेली असतात. वकिलाचीही मदत मिळते, आणि नोकरी सांभाळून शिकावयाचे असेल तर १९७१ पासून शिक्षणनिधी आहे. यात कुणी उपकार केलेला नाही. तो पगाराचाच भाग, फक्त रोख हातात न देता पुढच्या गरजेसाठी एका जागी ठेवलेला. आणि १९७५ साली न्यूयॉर्क शहरच दिवाळ्याच्या दारात उभे राहिले तेव्हा याच नोकरांच्या पेन्शन निधींनी शहराला वाचविण्यासाठी काढलेले रोखे विकत घेतले. त्यात शिक्षकांच्या निधीचे १५ कोटी डॉलर होते.

आता मुंबई. मेळाव्यातल्या सभासदांच्या मुलाचे नाव महापालिकेच्या मस्टरवर आहे, म्हणून त्याला सर्व सवलती आहेत. परंतु त्याच रस्त्यावर, तोच कचरा उचलणारे हजारो कामगार कंत्राटाचे होते. त्यांना सोयीनुसार स्वयंसेवक म्हटले जाई. स्वयंसेवकाला ना फंड, ना पगारी रजा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांची बाजू लढविली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करावयास सांगितले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. निकाल लागला तरी प्रत्यक्ष हुकूम हाती पडावयास पुष्कळांना आणखी ताटकळावे लागले. कारण काय, तर यादीतले नाव आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नव्हते. कुठे आडनावाची वेलांटी चुकली, कुठे बापाचे नाव राहून गेले. कंत्राटदाराच्या कारकुनाने ज्या घाईत नावे लिहिली होती, तिची किंमत अशी मोजावी लागली.

हे वाचताना आम्हांस स्वतःचीच एक चूक आठवली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच कार्यक्षेत्रात एका फडावर ट्रक भरणे चालले होते. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढत होती. पहाटेच्या दवाने फळी निसरडी झाली होती. ती वरून पडली आणि तिचे मांडीचे हाड मोडले. दवाखान्यात नेले, पुढचे कागद करावयाची वेळ आली तेव्हा टोळीची यादी मागितली. यादीत तिच्या नवऱ्याचे नाव होते आणि त्यापुढे "कोयता १" असे लिहिलेले. आपल्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. उचल दोघांवर, तोड दोघांची, पण नाव एकाचे. म्हणजे कागदाच्या हिशेबाने ती बाई त्या फळीवर नव्हतीच. मुकादम म्हणे कारखान्याने बघावे, वाहतूकदार म्हणे मुकादमाने बघावे. कामावरील अपघाताच्या भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ पासून होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण दाद मागावयाची तर आधी तुम्ही तेथे कामावर होता हे दाखवावे लागते. त्या यादीच्या खाली तपासली म्हणून सही होती ती आमची. तोपर्यंत अशा शेकडो याद्यांवर आम्ही सही केली असेल. नावे किती आणि माणसे किती, हे मोजावे असे कधी मनातही आले नव्हते. पुढे मंडळींनी वर्गणी काढली, तिचा औषधपाण्याचा खर्च कसाबसा निघाला. हंगाम मात्र बुडाला आणि उचल अंगावर राहिली.

मेळाव्यातल्या त्या सभासदांच्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे मला काय आहे, त्याचेही थोडे उत्तर येथे येते. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी अपघाताने दगावल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. खातेदाराबरोबर त्याच्या कुटुंबातील आणखी एका व्यक्तीलाही ती लागू आहे. हप्ता भरावयाचा नाही. हे कशामुळे? तर आपले नाव सातबारावर आहे म्हणून. तोडणीला येणाऱ्याचे नाव कोणत्या उताऱ्यावर आहे?

त्यांच्यासाठी शासनाचे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावयाचे आणि तितकेच शासनाने घालावयाचे, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळप धरले तर कारखान्याचे ५० लाख होतात. काही सभासद म्हणतील, हे पैसे शेवटी आमच्याच भावातून जाणार. खरे आहे, कारखाना म्हणजे आपणच, ते दुसऱ्या कुणाच्या खिशातून येत नाहीत. आम्ही एवढेच म्हणू, की पैसे भरले जाणारच असतील तर ते ज्याच्यासाठी भरले त्याच्यापर्यंत पोचावेत. आणि ते पोचण्याची पहिली पायरी आपल्याच फडावर आहे.

म्हणून येत्या हंगामापासून शेतकी विभागाने टोळी नोंदणीचा नमुना बदलला आहे. "कोयता" या रकान्याऐवजी आता प्रत्येक माणसाची वेगळी ओळ आहे. नाव आधारकार्डाप्रमाणे पुरे लिहावयाचे, बाईचे नाव तिच्या स्वतःच्या ओळीत, वय, गाव, तालुका आणि घरच्या एका माणसाचे नाव. मुकादमाची सही आहेच, पण तिच्याखाली प्लॉटधारक सभासदाच्या सहीचीही जागा ठेवली आहे. काही मुकादमांनी आत्ताच तोंड वाकडे केले आहे, तेव्हा काम सोपे जाणार नाही. शिवाय दोन टोळ्यांची माणसे हंगामात इकडची तिकडे होतात, त्यांची नोंद कशी ठेवावी हे आमचेही अजून नीट ठरलेले नाही. कुणाला काही सुचले तर गट कार्यालयात येऊन जरूर सांगावे.

आपल्या फडात टोळी उतरली की चिटबॉय यादी घेऊन आपणाकडे येईल. सही करण्यापूर्वी दहा मिनिटे काढून कोपींवर जावे आणि माणसे मोजावीत. यादीत चौदा नावे आणि फडात अठरा माणसे दिसली, तर सही करू नये, यादी आमच्याकडे परत पाठवावी. नमुन्याच्या छापील प्रती सर्व गट कार्यालयांत ठेवल्या आहेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी